‘एफ. मेंडेल्सोन’ म्हणजे नेमकं कोण?

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी चौदा वर्षांची, पियानोची पाचवी ग्रेड झालेली. जर्मन संगीतकार फेलिक्स मेंडेल्सोनची पियानोवरची ‘शब्दांवाचूनची गाणी’ वाजवता वाजवता तिच्या वाचनात आलं, की त्याला फॅनी नावाची थोरली बहीण होती, तीही संगीत रचायची आणि तिची काही गाणी भावाने स्वतःच्या नावावर छापली. मुलगी भलतीच चिडली आहे. आई विचारते, भावाने खरंच चोरी केली का? ही बहीण त्याच्या तोडीची होती, की हल्ली बाई म्हणून तिला उगाच वर चढवतात? आणि मुलीला तिचं काय वाजवायला द्यावं?

मी पियानो शिकवते त्याला तीस वर्षं होत आली. त्यातली पहिली पंधरा वर्षं मी फॅनीची एक ओळही वाजवलेली नव्हती, कारण तिचं छापील म्युझिक माझ्या हाती कधी पडलंच नव्हतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी एवढ्या उशिरा का शिकले ते यावरून कळेल, आणि पहिल्या दोन प्रश्नांची मेखही तिथेच आहे.

आधी चोरीचं बघू. फेलिक्सचा ऑपस ८ (ऑपस म्हणजे छापलेल्या रचनांचा अनुक्रमांक) हा बारा गाण्यांचा संग्रह १८२७ मध्ये पुरा छापून झाला आणि ऑपस ९ १८३० मध्ये आला. दोन्हींत तीन-तीन गाणी फॅनीची आहेत. मुखपृष्ठावर नाव फक्त फेलिक्सचं. त्यातलं ‘इटली’ हे गाणं सगळ्यांत गाजलं. पुढे १८४२ च्या जुलैत फेलिक्स लंडनला बकिंगहॅम राजवाड्यात गेला. राणी व्हिक्टोरियाला त्याची गाणी आवडायची. तिने संग्रह उघडला आणि स्वतः गायला गाणं निवडलं ते नेमकं ‘इटली’. राणी छान गायली. मग फेलिक्सला कबूल करावं लागलं की हे माझं नव्हे, माझ्या बहिणीचं आहे. हे सांगणं फार जड गेलं, असं त्याने आईला पत्रात स्वतःच लिहिलंय. त्यानंतर ‘आता माझंही एखादं गा’ अशी विनंती त्याने केली. मला हा प्रसंग फार आवडतो, त्यात माणूस किती खरा दिसतो!

तर ही चोरी होती का? मी तो शब्द वापरणार नाही. बहिणीच्या नकळत काही झालेलं नव्हतं. ती गाणी घरातल्या घरात संमतीने त्या संग्रहात गेली होती. पण मुलीचा राग चुकीचा आहे असंही मी म्हणणार नाही. ज्या घरात हा तोडगा सगळ्यांना सोयीचा वाटला, त्या घराचे नियम काय होते ते तिला सांगा, म्हणजे राग योग्य जागी जाईल.

फॅनीचा जन्म १४ नोव्हेंबर १८०५ चा, हॅम्बर्गचा. फेलिक्स तिच्याहून तीन वर्षांनी लहान. आजोबा मोझेस मेंडेल्सोन हे नावाजलेले तत्त्वज्ञ, वडील आब्राहाम बँकर. मुलगी जन्मली तेव्हा आई लेआ म्हणाली होती म्हणे, हिची बोटं थोर संगीतकार बाखच्या फ्युगची, म्हणजे एकात एक गुंफलेल्या सुरांच्या अवघड रचनांची आहेत. ती बोटं खरीच निघाली. तेराव्या वर्षी फॅनीने वडिलांच्या वाढदिवसाला बाखची चोवीस प्रिल्यूड्स पाठ वाजवून दाखवली. ज्यांनी त्यातली चारच पाठ केली आहेत त्यांना विचारा हे काय काम आहे ते. पियानोला लुडविग बेर्गर आणि रचनेला कार्ल फ्रीडरिश त्सेल्टर, हे शिक्षक भावाला आणि बहिणीला सारखेच लाभले. वडिलांनी शिकवण्यात हात आखडता घेतला नाही, हे त्यांच्या बाजूने म्हणायलाच हवं.

आणि १८२० च्या जुलैत त्याच वडिलांनी चौदा वर्षांच्या फॅनीला लिहिलं, की संगीत हा फेलिक्सचा कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र तो नेहमी अलंकारच राहिला पाहिजे, जगण्याचा पाया कधीच नाही. म्हणजे तालीम दोघांना एकाच तोलाची, पुढे दरवाजा एकालाच उघडा. तेविसाव्या वाढदिवसालाही वडिलांनी आठवण करून दिली, की मुलीचा खरा पेशा एकच, गृहिणीचा.

हे निव्वळ ‘बाई’ म्हणून होतं का? मला तसं वाटत नाही. त्याच काळात क्लारा वीक, म्हणजे पुढची क्लारा शूमान, लहानपणापासून तिकीट लावून वाजवत होती आणि तिचे वडीलच तिला गावोगाव नेत होते. पण ते पियानोशिक्षकाचं घर होतं, वाजवणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा. मेंडेल्सोन हे श्रीमंतांचं घर. तिथल्या मुलीने पैसे घेऊन वाजवायचं किंवा बाजारात नाव छापायचं म्हणजे घराण्याची नाचक्की. त्यात हे मूळचं ज्यू कुटुंब, १८१६ मध्ये मुलांचा बाप्तिस्मा झालेला. अशा घराला समाजातली आपली जागा जपण्याची धास्ती इतरांहून जास्त असते. मुलगा पेशेवर संगीतकार होणं इथे कसंबसं खपलं, मुलगी होणं खपलं नसतं.

फेलिक्सकडे परत येते. तो लहानपणी एकही कल्पना बहिणीला दाखवल्याशिवाय कागदावर उतरवत नसे. त्याच्या ऑपेरा लिहून होण्याआधी मला पाठ असायच्या, असं फॅनीनेच नोंदवलंय. तो तिला थट्टेने ‘कांटोर’ म्हणायचा, म्हणजे चर्चमधल्या संगीताचा प्रमुख. बाख होता तसा. बहिणीच्या कानावर एवढा भरवसा असलेला हाच माणूस १८३७ मध्ये आईला लिहितो, की फॅनीला लेखक-रचनाकार होण्याची ना ओढ आहे ना तो तिचा पिंड, ती घर नीट सांभाळते, आणि छापण्याने तिचं चित्त उगाच विचलित होईल. त्याच्या आदल्या वर्षी फॅनीने त्याला कळवलं होतं, की नवरा म्हणतो छाप, तू म्हणतोस नको, आणि मी गवताच्या दोन भाऱ्यांमध्ये अडकलेल्या गाढवासारखी झाले आहे. इतर कुठल्याही बाबतीत तिने नवऱ्याचं ऐकलं असतं, पण या एका गोष्टीला तिला भावाची संमती हवी होती.

नवऱ्याचं नाव निघालंच आहे तर सांगते. विल्हेल्म हेन्सेल चित्रकार होता, प्रशियाच्या दरबारातला. लग्न ३ ऑक्टोबर १८२९ ला झालं. लग्नात वाजवायची ऑर्गनची रचना फेलिक्सने कबूल केली होती, पण लंडनला गाडीच्या अपघातात त्याचा गुडघा दुखावला आणि तो ना स्वतः आला ना त्याची रचना आली. मग आदल्या रात्री नवरीनेच बसून ती लिहिली. मुलाचं नाव ठेवलं झेबास्टियान लुडविग फेलिक्स. पहिलं बाखचं, दुसरं बेथोव्हेनचं, तिसरं तुम्हाला कळलंच.

आता ‘तोडीची होती का’. या प्रश्नाला लोक बहुतेक वेळा पत्रांतून उत्तर देतात, मी पियानोवर बसून देते. तिच्या रचना साडेचारशेच्या वर आहेत. त्यातली अडीचशेच्या आसपास गाणी, सव्वाशेच्या आसपास पियानोच्या. दोघांचं वाजवलं की बोटांना फरक कळतो. फेलिक्स वाक्य बांधतो ते सुबक. चार मात्रा पुढे काय येणार ते हाताला आधीच कळतं, आणि ते आलं की बरं वाटतं. फॅनी वाक्य सुरू करते आणि मध्येच दुसऱ्याच स्वराच्या घरात शिरते. परत येईल असं वाटतं तोवर आणखी एक दार उघडलेलं असतं. माझ्या विद्यार्थ्यांना तिचं पाठ करायला जास्त वेळ लागतो, तो यामुळेच.

तिचा १८३४ चा स्ट्रिंग क्वार्टेट, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीची रचना घ्या. पहिलाच भाग असा आहे की घर कुठल्या स्वरात आहे ते ती लवकर ठरू देत नाही. पुढच्या वर्षी फेलिक्सने पत्रात नेमकं यावरच बोट ठेवलं, की स्वर निश्चित नाही आणि आकार ढिला आहे. तिने उत्तर नम्रपणे दिलं. आपण बेथोव्हेनच्या अखेरच्या काळात अडकून पडलो, आणि कल्पना लांबवर पेलण्याचं बळ आपल्यात कमी आहे, असं तिने लिहिलं. त्यानंतर तिने दुसरा क्वार्टेट लिहिला नाही. खरं सांगायचं तर वयाच्या तिशीत माझ्यापुढे कुणा विद्यार्थ्याने हे आणलं असतं तर मीही लाल पेनने तेच लिहिलं असतं. आज तो भाग ऐकताना मला ते तरंगणंच सगळ्यांत मोलाचं वाटतं. पण फेलिक्सची टीका खोडसाळ नव्हती. अडचण एवढीच होती की तिच्यापुढे टीकाकार तो एकटाच होता. फेलिक्सची एखादी रचना पडली तर प्रकाशक बोलायचा, वृत्तपत्रं झोडायची, लाइपझिगला नाही आवडली तर लंडनला आवडायची. फॅनीच्या पारड्यात एकाच माणसाचा शब्द, आणि तोही तिच्या सगळ्यांत लाडक्या माणसाचा.

म्हणून ‘तोडीची’ या शब्दाला माझं उत्तर असं: लहान आकारात, म्हणजे गाणी आणि पियानोच्या रचना यांत, ती त्याच्या तोडीची आहे आणि धिटाईत कधीकधी पुढे आहे. मोठ्या आकारात, म्हणजे ऑर्केस्ट्रा, सिम्फनी यांत, तिची तुलनाच करता येत नाही. तिने एक ओव्हर्चर, म्हणजे वाद्यवृंदाची एक छोटी रचना लिहिली, १८३१ मध्ये बर्लिनला कॉलऱ्याची साथ आली तेव्हा गायक आणि वाद्यवृंदासाठी मोठी रचना केली, पण ऑर्केस्ट्रा काही घरात ठेवता येत नाही. हात बसायला वाद्यवृंद समोर लागतो. फेलिक्सला तो विशीतच मिळाला होता.

तिला मिळाल्या त्या रविवारच्या बैठका. बर्लिनला लाइपझिगर श्ट्रासे ३ इथे त्यांचा मोठा वाडा होता. आज त्या जागी जर्मन संसदेच्या वरिष्ठ सभागृहाची, बुंडेसराटची इमारत आहे. बागेकडच्या दालनात फॅनी १८३१ पासून दर काही रविवारी मैफल लावायची. कार्यक्रम ती ठरवायची, गायकवृंद ती बसवायची, वाजवायचीही आणि वाद्यवृंदाचं संचालनही करायची. नामवंत पियानोवादक फ्रान्झ लिस्ट येऊन गेला, क्लारा शूमान येऊन गेली. इंग्रजीत याला ‘घरगुती’ म्हणतात आणि आपल्याकडेही तेच भाषांतर होऊन येतं, तेव्हा मला हसू येतं. आपल्याला तरी बैठकीचं मोल सांगायला नको! निवडक जाणकारांसमोरची खाजगी बैठक जाहीर कार्यक्रमापेक्षा कमी, असं आपल्या कुठल्या गवयाने कधी मानलंय? फरक असा, की बैठकीत गायलेलं त्या रात्रीपुरतं उरतं, आणि रचनाकाराला मात्र आपलं काम दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्या गावात जायला हवं असतं. त्याला छापखाना लागतो. तिकीट लावलेल्या जाहीर कार्यक्रमात फॅनीने वाजवल्याची एकच नोंद आहे, १८३८ ची, मदतनिधीच्या मैफलीची. त्यातही वाजवला तो भावाचा जी मायनर कॉन्चेर्टो, म्हणजे वाद्यवृंदासोबतची पियानोची रचना.

छापलं नाही की काय होतं, याचं सगळ्यांत बोलकं उदाहरण म्हणजे ईस्टर सोनाटा. १८२८ ची पियानोची रचना, फॅनी बावीस वर्षांची. पत्रांत आणि रोजनिशीत तिचे उल्लेख होते, पण हस्तलिखित बेपत्ता. पुढे फ्रान्समध्ये एका संग्राहकाकडे ते निघालं. त्यावर ‘एफ. मेंडेल्सोन’ अशी सही. एफ म्हणजे अर्थात फेलिक्सच, असं सगळ्यांनी धरलं आणि १९७२ मध्ये त्याच्या नावाने त्याची ध्वनिमुद्रिकाही निघाली. २०१० मध्ये अँजेला मेस या अमेरिकन अभ्यासिकेने पॅरिसला जाऊन मूळ कागद पाहिले. अक्षर फॅनीचं होतं, आणि पानांचे आकडे तिच्या बर्लिनमधल्या एका वहीतून गायब असलेल्या पानांशी जुळत होते. ८ मार्च २०१७ ला लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये सोफिया गुल्याकने तो फॅनीच्या नावाने वाजवला आणि बीबीसीने प्रसारित केला. सोनाट्याचा शेवटचा भाग वाजवून पाहा: ख्रिस्ताच्या मृत्यूच्या वेळचा भूकंप बासमध्ये गडगडतो, आणि त्यातून हळूहळू ‘हे ख्रिस्ता, देवाच्या कोकरा’ हा जुना कोराल, म्हणजे चर्चमधलं समूहगीत वर येतो. एवढं नाट्यमय काही फेलिक्सचंच असणार, असं एकेकाळी मानलं गेलं, यातच सगळं आलं.

माझी स्वतःची आवडती रचना मात्र ‘दास यार’, म्हणजे ‘वर्ष’. १८३९-४० मध्ये फॅनी नवऱ्याबरोबर आणि मुलाबरोबर इटलीत राहून आली. ज्या देशावरचं गाणं तिच्या भावाच्या नावाने बारा वर्षांपूर्वी छापलं गेलं होतं, तो देश तिने चौतिसाव्या वर्षी पाहिला. रोममध्ये तिला तरुण फ्रेंच कलावंतांचा गोतावळा मिळाला. त्यात विशी ओलांडलेला संगीतकार शार्ल गुनो होता, तिने त्याला बाख आणि बेथोव्हेन वाजवून ऐकवलं आणि त्याने ते ऋण पुढे मान्य केलं. घराबाहेरच्या जाणकारांनी तिला इतकं डोक्यावर घेतलं ते बहुधा तेव्हाच. परत आल्यावर १८४१ मध्ये तिने बारा महिन्यांच्या बारा रचना आणि एक उपसंहार लिहिला. प्रत्येक महिन्याला वेगळ्या रंगाचा कागद, वर विल्हेल्मने काढलेलं छोटं चित्र, आणि एकेक कवितेची ओळ. जानेवारी हे स्वप्न आहे, पुढच्या महिन्यांचे सूर त्यात अर्धवट डोकावतात. फेब्रुवारीत रोमचं कार्निव्हल. मार्चमध्ये ईस्टरचा कोराल, डिसेंबरमध्ये वेगाने भिरभिरणाऱ्या सुरांमधून नाताळचा. हे पहिल्यांदा छापून आलं १९८९ मध्ये. १८४१ आणि १९८९! माझ्या शिक्षिकेने मला हे का शिकवलं नाही, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. बिचारीला ते मिळालंच नव्हतं.

शेवटी १८४६ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, तिने ठरवलं. बर्लिनचे दोन प्रकाशक मागे लागले होते. ९ जुलैला तिने फेलिक्सला पत्र लिहिलं. त्यातलं एक वाक्य मी विद्यार्थिनींना नेहमी सांगते: चौदाव्या वर्षी वडिलांची वाटायची तशीच भीती मला चाळिसाव्या वर्षी भावांची वाटते आहे. पण त्या पत्रात ती परवानगी मागत नाही, छापते आहे असं कळवते. फेलिक्सने महिन्याभराने एका कारागिराने दुसऱ्याला द्यावा तसा आशीर्वाद दिला. मनातून तो खूश नाही हे मला ठाऊक आहे, पण चांगलं बोलला याचा आनंद आहे, असं तिने रोजनिशीत लिहिलं. ऑपस १ म्हणून सहा गाणी निघाली, मुखपृष्ठावर तिचं स्वतःचं नाव. पाठोपाठ पियानोच्या रचना, बागेत गायची समूहगीतं. ११ एप्रिल १८४७ ला धाकट्या बहिणीच्या, रेबेकाच्या वाढदिवसाला तिने आपला डी मायनर ट्रायो, म्हणजे पियानो, व्हायोलिन आणि चेलो यांची रचना वाजवली. यात मोठा आकारही तिच्या मुठीत आलेला दिसतो. आम्ही तिघांनी तो बसवला तेव्हा चेलोवाला म्हणाला होता, ‘हिने आणखी दहा तरी लिहायला हवे होते.’

१४ मे १८४७ ला रविवारच्या मैफलीची तालीम चालू असताना तिचे हात बधिर झाले. त्याच रात्री ती गेली, पक्षाघाताने, वय ४१. तालीम फेलिक्सच्याच रचनेची होती. बातमी ऐकून तो कोसळला. त्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये त्याने एफ मायनरचा क्वार्टेट लिहिला, आणि त्याच्या सगळ्या सुबकपणाला त्यात तडे गेलेले ऐकू येतात. ४ नोव्हेंबरला तोही गेला. बर्लिनच्या क्रॉइत्सबर्गमधल्या दफनभूमीत दोघं शेजारीशेजारी आहेत. तिच्या राहिलेल्या रचनांपैकी काही १८५० मध्ये छापल्या गेल्या, बाकीचे कागद कुटुंबाकडे, नंतर बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात. ते खऱ्या अर्थाने उघडले गेले १९८० च्या दशकापासून.

आता मुलीला काय द्यायचं. पाचव्या ग्रेडच्या हाताला एकदम ‘दास यार’ देऊ नका, दमेल. सुरुवात फॅनीच्या स्वतःच्या ऑपस ८ मधल्या (फेलिक्सच्या नव्हे) तिसऱ्या रचनेने करा, संथ लारगेट्टो, डी फ्लॅट मेजर. पाच फ्लॅट बघून घाबरायचं कारण नाही, काळ्या पट्ट्यांवर लांब बोटं आपोआप बसतात. यात गाणं वरच्या सुरात आहे, ते उजव्या हाताच्या चौथ्या-पाचव्या बोटाने गाता आलं पाहिजे. महिनाभर फक्त वरचा सूर आणि बास वाजवायला लावा, मधलं भरणं नंतर. ते जमलं की ऑपस २ मधली पहिली, जी मेजर.

मग वर्ष-दीड वर्षाने ऑपस २ मधली दुसरी, बी मायनर. हीच ‘वर्ष’मधली ‘सप्टेंबर’, महिन्यांपैकी तिने हयातीत छापलेली ही एकच. वर पाण्यासारखे वाहणारे सोळांशाचे सूर, खाली बास, आणि गाणं मधोमध. मुलं हमखास वरचं पाणी जोरात वाजवतात कारण ते अवघड असतं आणि दाखवावंसं वाटतं. तसं केलं की गाणं बुडतं. मी आधी मधली ओळ तोंडाने गायला लावते, मग एकट्या अंगठ्याने वाजवायला, आणि पाणी शेवटी, अगदी हलक्या हाताने, पट्टी तळापर्यंत न दाबता. वेग मेट्रोनोमवर हळूहळूच चढवा. सुट्या-सुट्या मात्रा नीट वाजत असताना जर गाणं ऐकू येत नसेल तर वेग वाढवायचा नाही, परत मागे यायचं.

आणि एक. वार्षिक कार्यक्रमाची पत्रिका छापताना जागा वाचवायला लोक ‘एफ. मेंडेल्सोन’ लिहितात. आमच्याकडेही एका वर्षी तसंच छापून आलं, आणि टाळ्या पडल्यावर निवेदकाने फेलिक्सचं नाव घेतलं. मुलीच्या नावापुढे ‘फॅनी हेन्सेल’ पूर्ण लिहून द्या, आणि प्रूफ स्वतः तपासा.